त्रियानातली ओळख

सुमैय्याला स्पेन पाहायचा होता, पण टूर कंपनीच्या झेंड्यामागे धावत नव्हे. एखाद्या शहरात घर घेऊन राहायचं, सकाळी मंडईत जायचं, दुपारी दुकानं बंद झाली की आपणही पडदे ओढून पडायचं आणि संध्याकाळी सगळं गाव रस्त्यावर उतरतं तेव्हा त्या गावातलंच एक होऊन हिंडायचं, असं तिच्या मनात होतं. शारजातल्या अल नहदामधून दुबईच्या ऑफिसला जाताना रोजच्या ट्रॅफिकमध्ये ती मोबाइलवरून स्पॅनिश शिकली. पुढची गाडी जराशी सरकली की ही एक वाक्य म्हणायची.

डिसेंबरच्या सुट्टीत योग आला. नवरा मोईन खोर फक्कानच्या बंदरात कामाला होता; आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शुक्रवारी घरी यायचा. त्याने रजा काढली. मुलगी यम्ना नववीत होती, तिला शाळेत दाखवायला फोटो हवे होते. आणि चौथ्या मैमुनाबी, सुमैय्याच्या अम्मी. वडील, जहूर, गेल्यापासून त्या रत्नागिरी सोडून लेकीकडे येऊन राहिल्या होत्या. म्हातारीला शारजात एकटी कशी ठेवणार, म्हणून तिचाही व्हिसा काढला.

सेव्हिल शहरात, नदीपलीकडच्या त्रियाना भागात त्यांनी घर घेतलं. जिना अरुंद, भिंतींना निळ्या-पिवळ्या टाइल्स, खाली गल्लीत कडू संत्र्यांची झाडं. फळांनी लगडलेली, पण कुणी हात लावत नसे. पुलाच्या टोकाशी मंडई होती. तिथे जिऱ्याचा वास येणारी पालक-चण्याची भाजी ब्रेडबरोबर खायची, चुरोस नावाच्या तळलेल्या कांड्या दाट गरम चॉकलेटात बुडवायच्या. सुमैय्या घोकलेली वाक्यं नीट जुळवून बोलायची आणि दुकानदार तिला इंग्रजीत उत्तर द्यायचे. अम्मी मासळीच्या ओट्यापाशी थांबून बांगड्याचा कल्ला उचलून बघायची, आणि "शिळा आहे गो" असं मोठ्याने सांगायची. लोक वळून बघत. सुमैय्या तेव्हा पुढच्या ओट्याकडे सरकायची.

अम्मीच्या अंगावर सलवार-कमीज, त्यावर जहूरचा जुना स्वेटर, त्यावर ओढणी आणि पाय दुखतात म्हणून यम्नाचे टाकून दिलेले गुलाबी स्पोर्ट्स शूज. शारजात हे कधी नजरेत आलं नव्हतं. इथे संध्याकाळी केस सेट करून, ओठ रंगवून हिंडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गर्दीत ते फार उठून दिसायचं. सुमैय्याने तिला एक कोट घ्यायचं ठरवलं होतं. ते राहून गेलं.

सहल संपत आली तेव्हा एका संध्याकाळी ते तिथल्या एका जुन्या खानावळीत शिरले. छताला डुकराच्या तंगड्या टांगलेल्या होत्या. अम्मी दारातूनच मागे फिरली. तुम्ही खा, मी बाहेर बाकावर बसते, म्हणाली. मग सगळ्यांचे कोट आणि खरेदीच्या पिशव्या तिच्या मांडीवर देऊन बाकीचे आत गेले. उभ्याउभ्या तळलेली मासळी खाल्ली. थोडी कागदात बांधून घेऊन सुमैय्या अम्मीला द्यायला बाहेर आली, आणि समोरून हेमा आली.

हेमा तिच्या ऑफिसातली वरिष्ठ. मूळची पुण्याची, वीस वर्षं दुबईत. तिने एखादीला जेवायला बोलावलं तर ती गोष्ट ऑफिसभर होत असे. तिने सुमैय्याला मिठी मारली. सेव्हिया, असा तिथल्यासारखा उच्चार करत ती शहराचं कौतुक करू लागली. मग तिची नजर बाकावर गेली.

"मेडलाही घेऊन आलात?" ती म्हणाली. "किती छान. आम्हाला नाही बाई जमत."

ते दुरुस्त करायला एक श्वास पुरला असता.

"हो," सुमैय्या म्हणाली. "यम्नाला सवय आहे ना तिची."

हे सगळं मराठीतच झालं. अम्मीने वर पाहिलं. मग मांडीवरचे कोट सावरत ती बाकावरून उठली आणि उभी राहिली. मालकिणीच्या ओळखीचं कुणी आलं की उभं राहावं, तशी. हेमा तिच्याकडे बघून हसली आणि निघून गेली. अम्मीने मासळीचा कागद घेतला, एक तुकडा तोंडात टाकला, बरी आहे, म्हणाली.

सुमैय्याला त्या रात्री झोप आली नाही. सकाळी माफी मागू, असं तिने ठरवलं. सकाळी सामान बांधायचं होतं. विमानात मागू, तर विमानात अम्मीची सीट लांब पडली.

शारजाला घरी पोचल्यावर अम्मी स्वेटर काढून सरळ स्वयंपाकघरात गेली. बंद घराचा कुबट वास होता, तिने ओटा पुसला, चहा टाकला. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी उठू लागली. सगळ्यांचं झालं की मग आत, ओट्यापाशी उभ्याने जेवायची. सुमैय्याला वाटलं, ही रुसली. गावीही अम्मी रागावली की बोलणं बंद करून कामाला जुंपून घ्यायची. भांडी अशी घासायची की शेजारी समजून जात. पण आता भांड्यांचा आवाज होत नव्हता. ताट उचललेलं कळायचं नाही. पाण्याचा ग्लास न मागता हाताशी यायचा.

स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली होती, तिकडच्या फ्लॅटमध्ये मेडसाठी असते ती, बिनखिडकीची. त्यांनी तिच्यात रिकाम्या सुटकेसी ठेवल्या होत्या. एका सकाळी त्या बाल्कनीत रचून ठेवलेल्या दिसल्या. खोलीत अम्मीची गादी होती, नमाजाचा घडी घातलेला जानमाज होता, खिळ्याला तिची ओढणी.

"अम्मी, हे काय? यम्नाच्या खोलीत झोप ना."

"इथं बरं आहे," अम्मी म्हणाली. "तुम्हाला उशीर होईल."

ते 'तुम्हाला' सुमैय्याच्या कानाला लागलं. पण यम्नाची बसही खाली येऊन थांबली होती, तेव्हा दोघींना मिळून म्हणाली असेल, अशी तिने समजूत घातली. रात्री बोलू, असंही स्वतःला सांगितलं. त्या दिवशी रस्त्यावर अपघात झाला होता आणि ती घरी आली तेव्हा त्या खोलीचं दार लागलेलं होतं.

लिफ्टपाशी इमारतीचा नातूर, म्हणजे तिथला वॉचमन, एकदा तिला अदबीने म्हणाला, "मॅडम, आपकी मेड बहुत भली औरत है. सबको सलाम करती है." लिफ्ट येऊन उभी होती. सुमैय्या कसनुशी हसली आणि आत शिरली. दार बंद होताना आरशात तिला आपला चेहरा दिसला आणि तिने मान वळवली.

ऑफिसात हेमाने सहलीचे फोटो मागितले. सुमैय्याने फोन पुढे केला. मोठ्या अर्धगोल चौकातला एक फोटो तिला चांगला आठवत होता. मोईननेच काढलेला, वाऱ्याने अम्मीची ओढणी उडून सुमैय्याच्या तोंडावर आली होती आणि तिघी हसत सुटल्या होत्या. त्या फोटोत आता सुमैय्या आणि यम्ना हसत होत्या. अम्मी कडेला होती. दोन्ही हातांत पिशव्या, आणि आपण चौकटीत तर येत नाही ना, अशा शंकेने जरा बाजूला झुकलेली. सुमैय्याने पुढचा फोटो उघडला, त्याच्या पुढचा उघडला. पुलावर, मंडईत, जिन्यात. सगळीकडे ती तशीच कडेला.

"किती सांभाळून असते गं तुमची बाई," हेमा म्हणाली.

त्या शुक्रवारी मोईन खोर फक्कानहून आला. सुमैय्याने दार लावून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं. हेमा काय म्हणाली, आपण काय म्हणालो, अम्मी कशी उठून उभी राहिली. सांगताना तिला त्याच्याकडे बघवेना. मोईनने शांतपणे ऐकून घेतलं.

"मेडला मेड म्हणालीस," तो म्हणाला. "मग त्यात काय?"

"अम्मीला म्हणाले, मोईन."

"अम्मी कुठे होती तिथे?" तो थकलेलं हसला. अम्मीला इकडे आणायचं आपण कधीपासून म्हणतोय, पण राहून गेलं, हे तुझ्या मनाला लागून राहिलंय, असं काहीसं तो समजुतीने बोलत राहिला. बाई तर गेल्या वर्षी एजन्सीतून घेतली. तिची तक्रार आहे का काही?

यम्ना दारात उभी होती. "मम्मा, आर यू ओके?" तिने विचारलं. "नानी रत्नागिरीला आहे. शी नेव्हर केम."

सुमैय्याने तिथल्या तिथे बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. अफशा, तिची धाकटी, रत्नागिरीत माहेरच्याच घरात राहायची. पडद्यावर अंगण आलं, वाळत घातलेली आमसुलं आली, आणि मग खुर्चीवर बसलेली अम्मी आली. चेहरा तोच. आवाज तोच.

"काय गो बाय, झाली स्पेनची सहल?" पडद्यावरची अम्मी म्हणाली. "पुढल्या वेळी ने हो मला. पाय आहेत तोवर."

सुमैय्याला रडू आलं, आणि त्या रडण्यात सुटका होती. म्हणजे आपण कुणाला काही केलेलं नाही. अम्मी मजेत आहे, मान राखून आहे, लेकीवर जीव लावून आहे. ती फोन घेऊन तशीच बोलत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

आत ती बाई पाठमोरी कांदा चिरत होती. फोनमधून अम्मीचं हसणं मोठ्याने येत होतं. बाईचाच आवाज, बाईचंच हसणं. बाईने मान वळवली नाही. सुरीचा ठेका चुकला नाही.

पडद्यावर अम्मीने ओढणी सारखी करायला हात वर केला. बाही घसरली. हात कोपरापर्यंत गोरा, नितळ होता.

सुमैय्या लहान असताना उकळत्या तेलाच्या कढईशी गेली होती. अम्मीने तिला ओढलं तेव्हा तेल अम्मीच्याच हातावर उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी कायमची सुरकुतली. ताप आला की सुमैय्या त्या डागावर गाल ठेवून झोपायची.

तिने फोन बंद केला. ओट्यापाशी गेली. बाईच्या बाह्या कामासाठी वर सारलेल्या होत्या.

डाग होता.

"अम्मी," ती म्हणाली.

बाईने सुरी खाली ठेवली, ओढणीला हात पुसले. "अम्मी गावी आहेत ना, मॅडम," ती हलकेच म्हणाली. "आत्ताच तर बोललात." आणि मालकिणीला बरं वाटत नसावं, म्हणून तिने चहाचं आधण ठेवलं.

यानंतर सुमैय्याने एक गोष्ट ठरवली. जे चारचौघांत बोललो, ते चारचौघांतच मागे घ्यायचं. शनिवारी दुपारी तिने हेमाला, तिच्या नवऱ्याला आणि ऑफिसातल्या आणखी दोघींना जेवायला बोलावलं. त्रियानाहून आणलेल्या पसरट कढईत केशराचा भात केला, कोळंबी आणि तिसऱ्या घालून. खरं तर बाईनेच केला. भाताला तळाशी हवी तशी खरपूस पापडी धरली होती. पाहुणे वाहवा करत होते. हेमा सेव्हियाच्या गोष्टी सांगत होती. बाई लिंबाच्या फोडी घेऊन बाहेर आली.

सुमैय्या उठली. तिने बाईचा हात धरला.

"हेमा, त्या दिवशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "ही माझी आई आहे."

 

मग हेमाने चमचा ठेवला आणि सुमैय्याच्या दंडावर थोपटलं. आईसारखीच, हो ना, ती म्हणाली. अशी माणसं मिळत नाहीत हल्ली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मोईन पाहुण्यांकडे बघून हसला, आणि यम्ना शरमेने लाल होऊन ताटातल्या भाताकडे बघत राहिली. ही शरम कुणाची, हे सुमैय्याला कळलं. आपल्या मुलीला आपली लाज वाटली होती.

बाईने हात सोडवून घेतला. जोर न लावता, एकेक बोट सुटं करत.

पाहुणे गेल्यावर सुमैय्या स्वयंपाकघरात गेली. बाई कढई घासत होती. तिचे डोळे ओले होते.

"मॅडम, असं नका बोलू परत," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या कानावर गेलं तर तिला काय वाटेल?"

"तुला मुलगी आहे?"

"आहे की. इथंच, दुबईत. मोठ्या ऑफिसात."

"मग तू इथे का राहतेस?"

बाई विचारात पडली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, तिने स्वतःलाही विचारला नसावा. "चुकामूक झाली," शेवटी ती म्हणाली. "पण ती येईल. मला टाकायची नाही ती." मग तिचा चेहरा उजळला. "स्पेनला नेलं होतं तिने मला. अंगावर धड कपडा नव्हता माझ्या. तिच्या ऑफिसातल्या बाई भेटल्या रस्त्यात. मी आपली उठून बाजूला व्हायला लागले. तर माझ्या खांद्यावर हात टाकला हो तिने. म्हणाली, ही माझी आई."



"नाव काय तिचं?" सुमैय्याने विचारलं.

बाई हसली. लेकीचं नाव घेताना हसावं तशी. पण नाव सांगितलं नाही. नळ सोडून ती कढई विसळू लागली.

तो रविवार सुमैय्याने खोलीत काढला. सोमवारी ऑफिसात तिच्या हातून काही होईना. दुपारी ती डोकं दुखतं सांगून निघाली. ऐन दुपारीही शारजाचा रस्ता तुंबलेला होता. गाडीत तिने ठरवून टाकलं. आता कुणाला पटवायचं नाही, कुणासमोर सिद्ध करायचं नाही. सरळ जाऊन पायांवर डोकं ठेवायचं. ती मॅडम म्हणो, नाहीतर काही म्हणो. आपण अम्मी म्हणायचं, उरलेलं आयुष्यभर म्हणायचं.

फ्लॅटमध्ये शिरताच तिला शांतता जाणवली. ओटा कोरडा होता. फडकं धुऊन नळावर पिळून टाकलेलं. छोट्या खोलीचं दार उघडं होतं, आणि आत सुटकेसी होत्या, एकावर एक, पूर्वी असायच्या तशाच. त्यांच्यावर धूळ होती. बरीच धूळ, महिन्यामहिन्यांची.

तिने लिफ्टची वाट पाहिली नाही.

नातूर खाली लॉबीत कुंड्यांना पाणी घालत होता. तिला धापा टाकत जिन्यावरून येताना बघून त्याने झारी ठेवली.

"वो गई, मॅडम," तो म्हणाला. "दोपहर में उसकी बेटी आई थी लेने."

 

"कशी होती?" ती म्हणाली, आणि मग हिंदीत विचारलं, "कैसी थी, बेटी?"

"आपके जैसी, मॅडम. मैं तो आपको ही समझा. सलाम भी किया." तो थोडा घुटमळला. "फिर देखा, आप नहीं हैं."

"क्या बोली?"

"अम्मी को गाडी में बिठाया. फिर वापस आके मुझे पूछा, अम्मी जिनके यहाँ इतने दिन थी, वो लोग कैसे थे."

नातूरने झारी उचलली. पुढचं बोलताना तो कुंडीकडेच बघत होता.

"मैंने बोल दिया, अच्छे लोग हैं."